बेपत्ता ऑइलचा माग

१

मिस्त्रींनी ऑइल मोजायची पट्टी इंजिनातून ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा ओढली. मग ती आमच्या नाकासमोर धरली. पट्टीच्या अगदी टोकाला जरासा ओलावा होता, बाकी सगळी कोरडी ठणठणीत.

"डॉक्टर, इंजिनात ऑइलच उरलेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "आणखी एक चढ चढला असतात तर इंजिन जाम झालं असतं."

"पण गेल्या महिन्यात तुम्ही भरलं होतंत ना?"

"भरलं होतं. त्याच्या आदल्या महिन्यातही भरलं होतं."

आमचे डॉक्टर अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना घरी जाऊन तपासतात. मी त्यांची सिस्टर. जखमा धुणं, नळ्या बदलणं, इंजेक्शनं ही माझी कामं. आणि ती पांढरी डिझेल गाडी चालवणारे नाना. नाना नुसते ड्रायव्हर नव्हते. जिन्यावरून पेशंटला खुर्चीसकट उतरवायचं असेल तर नाना. कुठल्या घरातला कुत्रा चावतो आणि कुठल्या घरातली सासू, हे माहीत असलेलेही नानाच. त्या दिवशी सकाळी एका वळणावर गाडीतला लाल दिवा लुकलुकला. नानांनी जागच्या जागी इंजिन बंद केलं. डॉक्टर घाईत होते, पण नाना हलले नाहीत. गाडी दोरीने ओढत गॅरेजमध्ये आणली.

मिस्त्रींनी खाली वाकून टॉर्च मारला. जमीन स्वच्छ. इंजिनाखालचं कव्हर काढून बघितलं, तेही कोरडं. इंजिनाच्या अंगाखांद्यावर कुठे ओघळ नाही. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही. सायलेन्सरमधून निळा धूर येत नव्हता, हे तर गाडीच्या मागून स्कूटरवर येणाऱ्या मिस्त्रींनी मागेच बघून ठेवलं होतं.

"गळत नाही, जळत नाही, पाण्यात मिसळत नाही," ते हात पुसत म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

ते वाक्य डॉक्टरांच्या भाच्याने पुरं केलं. तो नोकरीतून रजा घेऊन मामाकडे राहायला आला होता आणि फोन केल्याबरोबर गॅरेजवर हजर झाला होता. "मामा, मग कुणीतरी काढतंय. रविवारी गाडी माझ्याकडे असते. मी दिवसभर हायवेला पळवतो. नेताना पट्टी बघतो, आणल्यावर बघतो. केसभरही फरक नसतो. कमी होतं ते सोमवार ते शनिवार."

सोमवार ते शनिवार गाडी कुणाच्या हातात असते, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

नानांनी मान वर केली. "डॉक्टर, मी ऑइल काढून करू काय?"

डॉक्टर वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे बघितलं ते मला अजिबात आवडलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

"नाना, चावी द्या. थोडे दिवस सुट्टी घ्या."

२

दुपारी मी बसने मावशींकडे गेले. मावशी म्हणजे आमच्या पेशंट. बल्ब बदलायला स्टुलावर चढल्या आणि नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडून खाली आल्या. पायात सळई, बाहेर जखम, आणि बोलण्याला मात्र कसलाही बांध नाही. सगळी हयात त्यांनी इंजिनाच्या कारखान्यात काढली. कुठलं इंजिन अकाली मेलं की ते त्यांच्या टेबलावर यायचं आणि ते का मेलं हे मावशी सांगायच्या. आता तळमजल्यावरच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी त्यांचा पलंग होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून त्या तिला काय आजार आहे ते मला सांगत. सूनबाई म्हणायच्या, "आमच्याकडे पाहुणे गाडी लांब लावूनच येतात."

"आज तुझा हात रागावलाय," पट्टी बांधताना त्या म्हणाल्या. "माझ्या पायाने काय केलं तुझं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी विचारलं, "पट्टी बघताना गाडी सपाटीवर होती? इंजिन बंद करून किती वेळ झाला होता? गरम इंजिनाचं ऑइल खाली यायला वेळ लागतो. आधी चोरी खरंच झाली आहे का ते बघू, चोर नंतर."

"सपाटीवर होती. आणि बराच वेळ थांबलो होतो."

"मग चोरी खरी." त्यांचे डोळे चमकले. इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं. "मिस्त्री, भाचा, ड्रायव्हर आणि गाडी, चौघांना माझ्या खिडकीशी घेऊन ये. मला येता येत नाही, त्यांना यावं लागेल."

"नाना असं करणार नाहीत, मावशी. तो माणूस..."

"थांब." त्यांनी बोट वर केलं. "ते तू मला सांगू नकोस. केलं असेलही. नसेलही. आधीच ठरवून बसले तर मला दिसायचं ते दिसणार नाही."

मला राग आला. अगदी मनापासून आला.

३

डॉक्टर मावशींना वचकून असत, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी गाडी खिडकीखाली उभी राहिली. मावशी उशांना टेकून बसल्या, खिडकी सताड उघडी. आधी मिस्त्री. ते घुश्शातच आले होते.

"बाई, मी कमी ऑइल भरलं असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा."

"म्हणायचं असेल तेव्हा म्हणेन. भरल्यावर पट्टी कुणी बघितली?"

"नानांनी. ते बघितल्याशिवाय गाडी हलवतच नाहीत. मला नाही आवडत ते, पण बघतात."

"गेल्या काही महिन्यांत गाडीचं दुसरं काय काम केलंत?"

मिस्त्रींनी आठवून सांगितलं: पट्टा बदलला, पुढच्या ब्रेकचे पॅड बदलले, एक दिवा बदलला. "पॅड नानांच्या तक्रारीवरून. जुने तसे चांगले होते, पण म्हटलं बदलून टाकू."

मावशींनी बॉनेट उघडायला लावलं. त्यांना एक शंका होती. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी एक नळी असते. ती बिघडली तर वाफेबरोबर ऑइलही हवेच्या वाटेने इंजिनात जातं आणि हळूहळू जळतं, इतकं हळू की धूर दिसतही नाही. "ती नळी काढा. आत ओली निघाली तर माझं काम संपलं."

मिस्त्रींनी नळी काढली, आत बोट फिरवून मावशींना दाखवलं. बोट स्वच्छ होतं.

मला वाटलं, आता मावशी खट्टू होणार. त्या हसल्या. "चुकले मी. बरं झालं, एक दार बंद झालं."

हे मला फार भावलं. इतक्या वर्षांच्या जाणकार बाईने चारचौघांत "चुकले" म्हटलं आणि तिचं काही म्हणजे काही कमी झालं नाही.

मग भाचा. हातात गॉगल, बोलण्यात ठसका. "मी तर उलट पुरावाच दिला ना! रविवारी शेकड्याने किलोमीटर पळवतो आणि ऑइल जसंच्या तसं. नानांच्या हातात गावातल्या गावात फिरते आणि ऑइल गायब. आता तुम्हीच सांगा."

"छान. वाटेत कुठे कुठे थांबतोस?"

"कुठेच नाही. सकाळी निघालो की थेट समुद्रापर्यंत. तिथे जेवतो आणि परत."

"गाडी चालायला कशी आहे?"

"मस्त. लोण्यासारखी."

शेवटी नाना आले. खिडकीबाहेर उभे राहिले, हात मागे बांधून. मावशींनी सूनबाईंना सांगून त्यांना खुर्ची द्यायला लावली. ते बसले नाहीत.

"नाना, पेशंटच्या दारात इंजिन चालू ठेवता की बंद करता?"

"बंद. आजारी माणसाच्या खिडकीखाली इंजिनाची घरघर कशाला? दर घरी बंदच करतो."

"आणि ब्रेकची काय तक्रार होती तुमची?"

"पेडल कडक झालंय. पूर्वी नुसता पाय ठेवला तरी गाडी थांबायची. आता उभं राहावं तसा जोर लावावा लागतो. मिस्त्रींनी पॅड बदलले. तरी तसंच." ते जरा घुटमळले. "पुन्हा सांगितलं तेव्हा म्हणाले, नाना, तुमचं वय झालं, पेडलचं नाही."

भाचा फिस्सकन हसला. मावशी हसल्या नाहीत. पण त्यांनी त्यावर काही विचारलंही नाही, पुढे निघाल्या. पुढे त्यांनी मला स्वतःच सांगितलं की ते वाक्य तेव्हा त्यांच्या हातून निसटलं होतं.

"नाना, शेवटचं विचारते. तुम्ही ऑइल काढलंत?"

"नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या. विश्वास बसला असं म्हणाल्या नाहीत, बसला नाही असंही नाही. नाना वळले आणि चालत निघून गेले. त्यांची ती पाठमोरी चाल बघून मला रडू यायचं बाकी होतं.

मावशींनी सूनबाईंना हाक मारली. "तुझी ती लालभडक नेलपॉलिश आण बघू."

४

नेलपॉलिश नखांसाठी नव्हती. इंजिनातून ऑइल काढायचं तर वाटा मोजक्याच. वरचं भरायचं झाकण, पट्टीची नळी, गाळणीचा डबा आणि तळाचा बोल्ट. पट्टीवर ऑइल काठोकाठ दाखवत असताना मिस्त्रींनी मावशींच्या देखत त्या प्रत्येक जागी, अर्धी भागावर आणि अर्धी इंजिनावर, अशी लाल रेघ ओढली. रेघेवर मी सुईने माझी खूण कोरली. कुणी काहीही उघडलं तर रेघ तुटणार, आणि माझी खूण दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

"आता आठवडाभर गाडी रोजच्यासारखी फिरू द्या," मावशी म्हणाल्या. "फक्त चालवणार भाचा."

"मी?" भाच्याचा चेहरा पडला.

"रजेवर आहेस ना? मामाला मदत कर."

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. भाच्याला घरं सापडायची नाहीत. गल्लीत गाडी वळवताना तो घामाघूम व्हायचा. पेशंट दारात विचारायचे, "नाना कुठे आहेत?" आणि डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणायचे, "सुट्टीवर." एका आजोबांना खुर्चीतून उतरवताना भाच्याच्या पाठीत उसण भरली. पण एक सांगते, पोराने एकही दिवस बुडवला नाही. नानांच्या शिस्तीप्रमाणे दर दारात इंजिन बंद करून मुकाट उभा राहायचा.

शनिवारी गाडी पुन्हा खिडकीखाली आली. सपाटीवर लावली, थांबलो. मिस्त्रींनी आधी एकेक रेघ भिंगाखाली बघितली. मीही बघितल्या. चारही शाबूत. माझी खूणही जशीच्या तशी.

मग पट्टी काढायची म्हणून तिथली रेघ मावशींच्या समोर तोडली, आणि पट्टी ओढली.

ऑइल चांगलं बोटभर खाली गेलं होतं.

डॉक्टर सावकाश भाच्याकडे वळले. भाचा एक पाऊल मागे सरला.

"मामा! माझ्याकडे काय बघता? मी कशाला...?"

"नानाही हेच म्हणाले होते," मी म्हटलं. राहवलंच नाही मला.

५

"कुणीही कुणाकडे बघू नका," मावशी खिडकीतून म्हणाल्या. "हात बदलला, तरी चोरी तशीच झाली. म्हणजे चोराला हाताशी देणंघेणं नाही. आणि कुलपं शाबूत आहेत. म्हणजे ऑइल माणसाने काढलेलं नाही."

डॉक्टर एकदम खाली बसले, नाना न बसलेल्या त्याच खुर्चीवर. त्यांनी कपाळाला हात लावला.

"पण मग रविवारी का जात नाही?" भाच्याने विचारलं. आता तो खरंच विचारत होता.

"आता विचारलास तो कामाचा प्रश्न. रविवारी गाडी लांब जाते, पण थांबते एकदा. इतर दिवशी थोडीच जाते, पण दर दारात थांबते. तेव्हा ऑइल जातं ते गाडी चालल्यामुळे नाही, बंद केल्यामुळे. इतकं मला दिसतंय. बंद झाल्यावर ते जातं कुठे, ते अजून दिसत नाही."

दोन दिवसांनी, सोमवारी, डॉक्टर आणि भाचा मला मावशींच्या दारात सोडून पुढे गेले. टेकडीवरच्या आजोबांना तपासून परतताना मला घेणार होते. मी जखम उघडली. बोलता बोलता सहज म्हटलं, "भाचा आज सकाळपासून कुरकुरत होता. म्हणे नानांनी पेडल कसं दाबून दाबून खराब केलंय. पाय ठेवला की आतून 'हुस्स' आवाज येतो."

मावशींचा पाय माझ्या हातात ताठ झाला.

"काय म्हणालीस? पेडलला आवाज येतो? आणि कडक?"

"हो. रविवारी त्याला एवढं जाणवलं नव्हतं, हायवेला ब्रेक लावायचाच कधी..."

"सिरिंज दे. मोठ्यातली मोठी."

मी दिली. त्यांनी सिरिंजच्या तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागे ओढला आणि तसाच धरून ठेवला. "आत काय आहे?"

"काही नाही. हवासुद्धा नाही."

सिरिंजचं तोंड त्यांनी पाण्याच्या वाटीत बुडवलं आणि बोट काढलं. पाणी सुर्रकन आत चढलं.

"ब्रेकला जोर देणारा एक गोल डबा असतो, बूस्टर. इंजिनावरचा पंप त्यातली हवा ओढून काढत असतो, म्हणून आपला पाय हलका लागतो. त्या पंपाला वंगण कशाचं? इंजिनाच्याच ऑइलचं. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, पण डब्यातली ओढ तशीच राहते. म्हणून मधल्या नळीत एक झडप असते, हे माझं बोट होतं ना, तशी. ती झडप गेली असेल तर?"

मी वाटीकडे बघितलं. वाटीतलं पाणी सिरिंजमध्ये होतं.

"दर वेळी इंजिन बंद केलं की चमचाभर ऑइल पंपातून डब्यात," मावशी म्हणाल्या. "बाहेर थेंब नाही, धूर नाही, कुलूप तुटलेलं नाही. ऑइल गाडी सोडून कुठे गेलेलंच नाही, सिस्टर! आणि आतलं रबर ऑइलने फुगतं, फाटतं. नानांनी मला तोंडावर सांगितलं होतं आणि मी..." त्या थबकल्या. चेहरा बदलला. "ते दोघं कुठे गेलेत म्हणालीस?"

"टेकडीवर."

"उतार कसा आहे?"

मी उत्तर न देता फोन उचलला. भाच्याचा फोन लागेना. डॉक्टर तपासताना फोन बंद ठेवतात. टेकडीवरच्या घरातला नंबर मला पाठ होता. खूप वेळाने आजींनी उचलला.

"डॉक्टर ना? आत्ताच बाहेर पडले गं. गाडी चालू केली बघ."

"आजी, त्यांना थांबवा! गाडीला ब्रेक लागणार नाही!"

फोन खाली आपटल्याचा आवाज आला. मग काहीच ऐकू येईना.

६

पुढचं मला आजींनीच सांगितलं, आणि नंतर जो कुणी भेटेल त्यालाही सांगत होत्या. त्या अनवाणी धावल्या आणि गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत फाटकात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. भाच्याने ब्रेक दाबला. दाबला, आणखी दाबला. गाडी आजींच्या पदराला चाटून थांबली. अंगणात, सपाटीवर, नुकत्याच सुटलेल्या गाडीला थांबायला एवढा वेळ लागला. फाटकाबाहेर तो उतार होता.

भाचा पांढराफटक पडून खाली उतरला. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

मावशींनी मला लगेच पिटाळलं. "मिस्त्रींना घे. तुझ्या नळ्या आणि सिरिंज घे. आणि नानांना घेऊन जा. ज्याच्यावर आळ आला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे. बूस्टर कोरडा निघाला तर तेही बघितलं पाहिजे."

"कोरडा निघाला तर?"

"तर मी पुन्हा चुकले. जा."

नाना घराच्या पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "डॉक्टर टेकडीवर अडकलेत," आणि त्यांनी काही न विचारता चपला घातल्या. मिस्त्रींच्या टेम्पोत आम्ही तिघं पुढे बसून वर गेलो. वाटेत मी सगळं सांगितलं. मिस्त्री गियर बदलताना एकदाच पुटपुटले, "वय झालं म्हणालो होतो मी." नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

वर पोचलो. बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरसमोरच्या भिंतीला, काळा गोल डबा होता. मिस्त्रींनी त्याच्या तोंडाची नळी उपटली आणि झडपेत दोन्ही बाजूंनी फुंकून बघितलं. एकाच बाजूने जायला हवी ती फुंकर दोन्हीकडून आरपार गेली.

"झडप गेली आहे," ते म्हणाले. "पण ऑइल आत आहे की नाही, ते डबा काढल्याशिवाय कळायचं नाही. त्याला दिवस जाईल."

"नाही जाणार," मी म्हटलं आणि पिशवी उघडली.

फोनवर मावशी होत्या. फोन आजींनी हातात धरला होता, इंजिनाच्या अगदी वर, जणू मावशींना वासही यावा. मी लांब रबरी नळी डब्याच्या तोंडातून आत सरकवली, मोठी सिरिंज जोडली आणि दट्ट्या ओढला.

हवा आली. नुसती हवा.

डॉक्टर माझ्या हाताकडे बघत होते. भाच्याने घसा खाकरला.

"सिस्टर," फोनमधून मावशींचा आवाज आला, "माणसाच्या पोटातलं पाणी काढतेस तेव्हा नळी कुठे ठेवतेस?"

"तळाशी."

"मग?"

मी नळी आणखी आत ढकलली, वाकवून खाली नेली. टोक कशाला तरी टेकलं. दट्ट्या ओढला. तो जड लागला. आणि नळीतून, सावकाश, काळंभोर, दाट ऑइल वर चढायला लागलं.

"आलं!" मी ओरडलेच. "मावशी, आलं!"

सिरिंज भरली, बादलीत रिकामी केली. पुन्हा भरली. पुन्हा. माझे हात दुखायला लागले तेव्हा मिस्त्रींनी घेतली, मग भाच्याने. बादलीचा तळ केव्हाच दिसेनासा झाला होता. इतके दिवस आम्ही डोळ्यांत तेल घालून ज्याचा शोध घेत होतो ते सगळं इथेच होतं, आमच्याबरोबर घरोघर फिरत होतं.

डॉक्टर नानांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"नाना, मी सगळ्यांसमोर तुम्हाला घरी बसवलं. सगळ्यांसमोरच सांगतो. माझं चुकलं. तुम्ही ब्रेकचं सांगत होतात, तेही मी ऐकलं नाही. आज मी आणि हा पोरगा..."

नानांनी बादलीकडे बघितलं, मग फाटकाकडे, मग फाटकाबाहेरच्या उताराकडे.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तिसऱ्या गल्लीतल्या आजोबांची नळी आज बदलायची होती ना? ते वाट बघत असतील. टेम्पोत बसा. गाडी मिस्त्री बघतील."

आणि ते मिस्त्रींना म्हणाले, "चालवू ना मी? वय आडवं येत नाही ना?"

मिस्त्रींनी दोन्ही कान धरले. आजी हसल्या, मग आम्ही सगळेच हसलो. भाच्याने माझी पिशवी उचलून टेम्पोत ठेवली आणि स्वतः मागे हौद्यात जाऊन बसला, कुणी न सांगता.

७

नवा बूस्टर, नवी झडप बसली. त्यानंतर पट्टीवरचं ऑइल जागचं हललं नाही.

थोड्या दिवसांनी मी मावशींच्या जखमेचे टाके काढायला गेले, तेव्हा नाना बरोबर आत आले. एरवी ते कधी पेशंटच्या घरात विनाकारण येत नसत. या वेळी मावशींनी खुर्ची दाखवली तसे बसले.

"बाई, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुमची माझी ओळख नाही, देणं नाही, घेणं नाही. तुम्ही माझी बाजू का घेतलीत?"

"मी तुमची बाजू घेतलीच नव्हती," मावशी म्हणाल्या. "त्या रेघा तुटलेल्या निघाल्या असत्या तर तेही मी सगळ्यांसमोर सांगितलं असतं."

मला वाटलं, आता नाना दुखावणार. पण त्यांचा चेहरा असा उजळला, जसा इतक्या दिवसांत मी बघितला नव्हता.

"हेच ऐकायला आलो होतो," ते म्हणाले. "माझी बाजू घेणारे खूप होते, बाई. बायको होती, शेजारी होते, ही सिस्टर होती. पण त्यांचं कोण ऐकणार? तुम्ही कुणाच्याच बाजूच्या नव्हतात, म्हणून तुमचं सगळ्यांना ऐकावं लागलं."

मावशी पुढे झुकल्या.

"ते असू दे. मला एक सांगा. पेडल तसं दगडासारखं झालं होतं, तरी इतके आठवडे तुम्ही त्या टेकडीवरून गाडी खाली आणत होतात. कशी?"

"वरूनच पहिला गियर टाकायचा," नाना खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "आणि इंजिनालाच गाडी अडवायला लावायची. पायाचं काम कमी."

"आणि वळणावर?"

"वळणाचं वेगळं आहे. थांबा, दाखवतो."

त्यांनी मावशींच्या पलंगावरची चादर हातांनी चुरगळून तिची टेकडी केली, तिच्यावर बोटाने रस्ता काढला. दोघांची डोकी चादरीवर वाकली. मी टाके काढायला आणलेला ट्रे हातात घेऊन बराच वेळ उभी होते. त्यांच्या लक्षातही आलं नाही.